सोलापूर रिंगरोड: हत्तूरच्या पुढची आखणी आतून की बाहेरून?

आखणी_४१३
केगाव–हत्तूर बायपासमुळे पुण्याकडून विजयपूरला जाणारी गाडी शहरात शिरत नाही. वर्तुळ पुरं करायचं तर हत्तूर, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड, तुळजापूर रोड, बार्शी रोड आणि परत केगाव. अभ्यासासाठी दोन रेषा काढल्यात. आतली होटगीच्या उत्तरेकडून, कुंभारीच्या अलीकडून, मुळेगावजवळून आणि एकरुख तलावाच्या खालच्या अंगाने. बाहेरची होटगीच्या दक्षिणेकडून, बोरामणीच्या बाजूने, तलावाला वरून वळसा घालून. दोन्ही चौपदरी, ६० मीटर रुंदी. किलोमीटरमागे खर्च काढला तर बाहेरची जिंकते, पण ते पटत नाहीये. तुलना कशावर करू?

गाडीमोज
नाहीच पटणार, कारण किलोमीटरमागे खर्चात गाडीवाला कुठेच येत नाही. आधी गाडी कुठून कुठे जाते ते काढा. सहाही रस्त्यांच्या तोंडाशी २४ तास गाड्या थांबवून विचारणा आणि सोबत सलग ७ दिवस वर्गवार मोजणी. हैदराबादला जाणारा ट्रक आणि बाजार समितीत उतरणारा ट्रक केगावला सारखेच दिसतात, पण दुसरा रिंगरोडवर येणारच नाही.

मग वेळेचं गणित. समजा शहरातून १४ किमी आणि बाहेरून ३० किमी. दिवसा शहरात ताशी २५ चा वेग धरला तर ३४ मिनिटं, बाहेरून ताशी ७० ने २६ मिनिटं. बाहेरची जिंकली. रात्री शहर मोकळं, ताशी ४५ मिळतो, म्हणजे १९ मिनिटं. डिझेल वाचतं ते वेगळंच. म्हणून लांबचा रिंगरोड रात्री ओस पडतो आणि ट्रक वस्तीतून धावतात. दोन्ही रेषांसाठी दिवसाचं आणि रात्रीचं गणित वेगळं मांडा.

मोजणी पावसाळ्यात करू नका. आयआरसी:६४ (इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याच्या क्षमतेचं मानक) प्रमाणे ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५ कारइतका धरतात, मोटारसायकल ०.५. गाळप हंगामात ऊस आणि डिसेंबर-जानेवारीत कांदा रस्त्यावर असतो, तेव्हाचा आकडा आणि ऑगस्टचा आकडा यांची गाठच पडत नाही.

मुरूम_माती
रेषा नंतर. ओलांडायच्या जागा आधी पक्क्या करा, त्या हलत नाहीत.

रेल्वे: होटगीच्या उत्तरेला एकच मुख्य मार्ग ओलांडावा लागतो. दक्षिणेला गेलात की वाडीकडची आणि विजयपूरकडची अशा दोन लाइन, म्हणजे दोन उड्डाणपूल. विद्युतीकरण झालंय, त्यामुळे रुळापासून साडेसहा मीटरपेक्षा जास्त मोकळी उंची आणि वर गर्डर. रस्ता रुळापासून साधारण ९ मीटरवर जातो. १:४० चढ धरला तर एका बाजूचा उतारच ३६० मीटर, वरची गोलाई वेगळी. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. ४५ अंशांवर गाळा (दोन खांबांमधलं अंतर) जवळजवळ दीडपट होतो. पण उत्तरेला होटगी रोडचं विमानतळ आहे. पुलावरच्या दिव्याच्या खांबाची उंचीसुद्धा विमानतळाच्या ना-हरकतीत मोजली जाते. विमानाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, ते लक्षात ठेवा.

पाणी: सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता. तलावाच्या खालून जाताना सांडव्याची वाट सोडा आणि नाल्याची पूररेषा जागेवर जाऊन गावकऱ्यांकडून खुणा घेऊन ठरवा. सबग्रेडचा (रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या मातीचा) तळ पूरपातळीच्या १ मीटर वर हवा.

माती: बोरामणीचा माळ हलका, मुरूम वरच लागतो. नदीनाल्यांच्या काठाला काळी खोल. दर ५०० मीटरला दोन मीटरचा खड्डा घ्या. फ्री स्वेल (पाण्यात माती किती फुगते ते) ५० टक्क्यांच्या वर गेली तर ती माती भरावात चालत नाही. मग मुरूम कुठून आणि किती लांबून, यावर तुमचा किलोमीटरमागचा खर्च उलटा होईल. काळ्या मातीत रस्ता मधून नाही, कडेने लांबलचक तडे देतो, कारण कडा आधी वाळते. साइडपट्टीही मुरुमाचीच करा.

गटनंबर
६० मीटर रुंदी म्हणजे किलोमीटरला ६ हेक्टर, पंधरा एकर. आतल्या रेषेत हे पंधरा एकर गुंठेवारीचे निघाले तर एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, पोटहिस्से न मोजलेले. कुंभारीला रे नगरची वसाहत आहे, त्याच्या अलीकडून म्हणता तेव्हा शहर आणि वसाहतीच्या मधून जाताय. तिथे सर्व्हिस रोड आणि अंडरपास नसेल तर माणसं दुभाजक तोडून पलीकडे जातील.

कायद्याचं वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवा. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३अ ची अधिसूचना (जमीन घेण्याचा इरादा), २१ दिवस हरकती, आणि वर्षाच्या आत ३ड (संपादनाची घोषणा) निघाली नाही तर ३अ बाद. रेषा नंतर वीस मीटर सरकवली तरी नवे गट येतात आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, रेषा बांधाला समांतर फिरवून बघा. तिरकी गेली की दोन्हीकडे त्रिकोणी तुकडे उरतात, तिथे ना औत फिरतं ना गिऱ्हाईक येतं. विहीर अलीकडे आणि द्राक्षबाग पलीकडे असं झालं तर भरावाखालून पाण्यासाठी ६०० मिमीचा एनपी-४ (जड भार सोसणारा सिमेंटचा) पाइप संयुक्त मोजणीतच लिहून घ्या. नंतर कुणी घालून देत नाही.

बोरामणी-नान्नज बाजूला माळढोक अभयारण्याची अधिसूचना गट नंबरनुसार ताडा. पर्यटनाच्या नकाशावर जाऊ नका.

आखणी_४१३
खूप उपयोगी. उत्तरेच्या भागात रेल्वे नाही म्हणून तिथे उड्डाणपूल धरला नव्हता, चालेल ना?

मुरूम_माती
नाही चालणार. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव नवी लाइन होतेय. तिची मंजूर अलाइनमेंट रेल्वेकडून घ्या आणि छेदाच्या जागी दोन्हीकडे साधारण ४०० मीटर रेषा सरळ ठेवा. वळणावर पूल आला तर सुपरएलिव्हेशन (वळणाची बाहेरची कडा उचलणं) पुलावर घ्यावं लागतं.

गटनंबर
आणि मध्यरेषेपासून ४० मीटर इमारत रेषा (जिच्या आत बांधकाम नाही), ७५ मीटर नियंत्रण रेषा (जिच्या आत बांधकामावर नियंत्रण) सर्व गावांच्या नकाशांवर पहिल्याच दिवशी मारून तहसीलला द्या. ढाबे आणि मंगल कार्यालयं डांबर पडायची वाट बघत नाहीत.