मदत हवी आहे: समन्वयकाला एमएसडब्ल्यूची अट, आणि कामाची माणूस बारावी पास

नमस्कार,

बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आमची छोटी संस्था आहे. एकूण १३ माणसं, त्यातली १० गावोगाव फिरणारी. आईबाप कोयत्यावर निघाले की मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहावीत, शाळा सुटू नये, हे आमचं काम. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळाला आणि पहिल्यांदाच समन्वयकाची पगारी जागा तयार झाली. महिना २८,००० रुपये. अट एकच, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा तशीच दुसरी पदवी.

दोन वर्षांत तीन समन्वयक आले आणि गेले. तिघंही मनापासून काम करणारे होते, त्यांना दोष देणार नाही. शहरातल्या मोठ्या फाउंडेशनने दुप्पट पगार दिला तर कोण थांबेल? पण दर वेळी नवीन माणसाला गावं दाखवायची, मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) कोण, शाळेत कुणाशी बोलायचं हे सांगायचं, आणि तो रुळला की निरोप द्यायचा. हे सगळं नेमकं सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा एकेक घर गाठायचं असतं.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. तिसऱ्या समन्वयकाबरोबर एका वस्तीवर गेले होते, सोबत आमच्या एक ताई होत्या. बाई दारात भांडी घासत होती. समन्वयकाने टॅब काढून फॉर्मातला पहिला प्रश्न विचारला, वार्षिक उत्पन्न किती? बाई मान वर न करता म्हणाली, "मुकादमाला इचारा." ताई उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "यंदा उचल किती घेतली गं? मागची फिटली का?" बाईने हात धुतले. मग एकेक बाहेर आलं. मागच्या हंगामाची बाकी अंगावर होती, यंदा उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, जास्त घ्यावी लागली, त्यामुळे सातवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला कारखान्यावर न्यायची ठरलं होतं. ताई त्या घरी आणखी तीनदा गेल्या, आजीला तयार केलं. मुलगी गावातच राहिली, वार्षिक परीक्षेला बसली. आमच्या फॉर्मात उचलीचा रकानाच नव्हता, तो नंतर घातला.

या ताई बारावी झालेल्या आहेत, आता मुक्त विद्यापीठातून बीए करताहेत. आमच्याकडे ९ वर्षं आहेत. मला त्यांनाच समन्वयक करायचं आहे आणि इंग्रजी अहवाल-हिशेबासाठी अर्धवेळ माणूस घ्यायचा आहे. निधी देणारे म्हणतात, पात्रता करारात लिहिली आहे, बदलता येणार नाही. चालू करारात अशी अट बदलून घेतल्याचा कुणाला अनुभव आहे का? 'पदवी किंवा इतक्या वर्षांचा क्षेत्रीय अनुभव' असं लिहून चाललं का?

दुसरा प्रश्न पैशांचा. त्यांचे अधिकारी सगळे पगार 'प्रशासकीय खर्चा'त धरतात आणि ५ टक्क्यांची मर्यादा दाखवतात. मी २०२१चे सुधारित सीएसआर नियम वाचले. त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, आणि प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च त्यातून वगळलेला आहे. घरोघर जाणाऱ्या बाईचा पगार म्हणजेच आमचा प्रकल्प. आम्ही ना इमारत बांधतो ना सायकली वाटतो. हे न दुखावता पण ठामपणे कसं मांडावं? (आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घेण्याची नोंदणी, नाही, त्यामुळे तिथली २० टक्क्यांची मर्यादा आम्हाला लागू नाही.)

तिसरी गोष्ट सांगताना मला वाईट वाटतं. आमच्याकडे सुरुवातीपासून ११ महिन्यांची पत्रं दिली जातात आणि त्यात पगार न म्हणता 'मानधन' म्हणतात. मीही इतकी वर्षं त्यावर सह्या केल्या. आता सीए म्हणतात, दोन पत्रांमधला खंड नुसता कागदावर असेल तर ग्रॅच्युइटी टळत नाही. ताईंचे महिना १३,००० धरले तर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे, महिन्याचे २६ दिवस धरून, ७,५०० होतात. म्हणजे ९ वर्षांचे ६७,५००. ते त्यांचे आहेत आणि द्यायचेच आहेत, पण कुठल्याच निधीत त्यासाठी तरतूद नाही. छोट्या संस्थांनी अशी मागची देणी कशी उभी केली? २० माणसं नसल्याने पीएफ बंधनकारक नाही, पण स्वेच्छेने नोंदणी करता येते असं कळलं. ती कुणी केली असेल तर दरमहा किती काम वाढतं तेही सांगा.

पुढच्या महिन्यात निधी देणाऱ्यांबरोबर बैठक आहे. नेमणूकपत्राचा किंवा करारदुरुस्तीचा मराठी मसुदा कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भर: दोघांनी विचारलं, ताईंचं स्वतःचं म्हणणं काय? काल संध्याकाळी विचारलं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "करते मी. फक्त इंग्रजी मेल आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तर चालेल का, तेवढं विचारून ठेवा." हे मी बैठकीत विचारणार आहे. अहवाल मराठीत स्वीकारणारे निधी देणारे कुणाला माहीत असतील तर तेही कळवा.