नवव्या पर्सेंटाइलचा अर्थ काय घ्यावा?

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाची ‘मूव्हमेंट एबीसी-२’ ही कारक कौशल्यांची चाचणी झाली असून अहवालात एकूण निकाल ‘नववा पर्सेंटाइल’ असा आहे. म्हणजे त्याला शंभरपैकी नऊच गुण मिळाले का? थेरपी सुरू झाल्यावर महिन्याभरात हीच चाचणी पुन्हा करून घ्यावी का?

उत्तर १: हे गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण नऊ जणांची कामगिरी त्याच्याइतकी किंवा त्याहून कमी असते, एवढेच हा आकडा सांगतो. पाचव्या पर्सेंटाइलपर्यंत ठळक अडचण मानतात, तर सहा ते पंधरा या पट्ट्यातील मुलांवर लक्ष ठेवावे लागते. मात्र एकूण आकड्यापेक्षा हातांचे कौशल्य, नेम व झेल आणि तोल हे तीन भाग आपण स्वतंत्रपणे पाहावेत. भोकांत खुंट्या बसवताना अडखळणारे मूल एका पायावर सहज उड्या मारत असेल, तर थेरपीची दिशाच बदलते.

उत्तर २: महिन्याभरात पुनर्चाचणी नको. दोरी ओवण्यासारख्या कृती ओळखीच्या झाल्या की गुण सरावानेही वाढतात आणि श्रेय मात्र थेरपीला जाते. शिवाय बटणे लावणे, लिहिणे यांत रोज अडचण येते का, हे पाहिल्याखेरीज निदान करू नये.

उपप्रश्न: माझ्या १९ वर्षांच्या बहिणीला हीच चाचणी चालेल का?

उत्तर २: नाही, ती १६ वर्षांपर्यंतच आहे. ब्रुइनिंक्स-ओसेरेत्स्की या कारक कौशल्यांच्याच दुसऱ्या एका चाचणीची २००५ची दुसरी आवृत्ती ४ ते २१ वर्षे वयासाठी आहे. त्या चाचणीविषयी थेरपिस्टना विचारावे.