जन्मनोंद: हॉस्पिटलचं काम कुठे संपतं

दक्षिण कोरियात आता हॉस्पिटलच बाळाची जन्मनोंद करतं, मग आईवडिलांना काही करायला नको, असं वाटू शकतं. तसं नाहीये. 19 जुलै 2024 पासून हॉस्पिटल 14 दिवसांत फक्त जन्माची माहिती कळवतं, तीही आरोग्य विम्याची बिलं तपासणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत. नोंद पालकांनीच महिन्याभरात करायची. नाही केली तर स्थानिक कार्यालय 7 दिवसांची मुदत देतं. तरीही ढिम्म राहिले तर कोर्टाच्या परवानगीने स्वतः नोंदवतं.

हे उशिराच सुचलं म्हणा. 2023 च्या सरकारी लेखापरीक्षणात 2015 ते 2022 मधली 2,236 बाळं निघाली, ज्यांना लसीसाठीचा तात्पुरता नंबर होता, पण जन्मनोंद नव्हती. मोठी फट अजून आहेच: आईवडील दोघंही परदेशी असतील तर बाळ या कायद्यात येतच नाही.