बाथरूमचे काळे जॉइंट आणि अ‍ॅसिडवाला

मेघा, ए ६०४: गुड मॉर्निंग सगळ्यांना 🙏 गेटवर एक बाथरूम क्लीनिंगवाला आलाय, आमच्या विंगमध्ये दोघांकडे करून गेला, टाइल्स आणि जॉइंट एकदम चकाचक. गणपतीच्या आधी कोणाला करून घ्यायचं असेल तर सांगा, चार-पाच घरं जमली तर रेट कमी करतो म्हणाला

सावंत काकू, बी ३०२: मेघा माझं नाव घे गं. आमच्या मोरीतले जॉइंट पार काळेकुट्ट झालेत, पाहुणे येणार, लाज वाटते

मंगेश, सी २०३: काकू थांबा जरा. मेघाताई, तो नक्की काय टाकत होता बघितलंत का? टाकल्यावर फसफसत होतं आणि नाकात झोंबत होतं का?

मेघा, ए ६०४: हो हो, फेस आला आणि वास तर पॅसेजपर्यंत. पण फेस आला म्हणजे मळ निघतोय ना?

मंगेश, सी २०३: नाही ना ताई, तिथेच तर सगळे फसतात. तो फेस मळाचा नाही, जॉइंटचा आहे. आपल्याकडे बिल्डरने जॉइंट सिमेंटच्या ग्राऊटने भरलेत, काही बाथरूममध्ये नुसतं व्हाइट सिमेंट आहे, आणि सिमेंटमध्ये चुना असतोच, त्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की चुना विरघळतो आणि गॅस सुटतो, तो फेस. काळा थर जातो कारण तो ज्या सिमेंटला धरून बसलाय ते सिमेंटच वाहून जातं. त्या दिवशी पांढरंशुभ्र दिसतं, पण खाली राहतं ते खरखरीत, बारीक बारीक भोकांचं, त्यात साबण आणि मळ आधीपेक्षा लवकर शिरतो. मग परत काळं, परत अ‍ॅसिड. असं करत करत एक दिवस जॉइंटवर नख फिरवलं की वाळू हाताला लागते. माझं कामच टाइल्सच्या साइटवर सुपरवायझरचं आहे, रिनोव्हेशनला जुनं बाथरूम फोडायला घेतो तेव्हा हे नेहमी दिसतं, टाइल ठणठणीत आणि सांधे पोकळ. शिवाय त्या वाफेने नळाचं क्रोम आणि नहाणी ट्रॅपची जाळीसुद्धा काळवंडते.

कदम काका, सेक्रेटरी: मंगेश, हे सविस्तर लिहिलंस ते बरं झालं. लीकेजच्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच वरच्या बाथरूममधून खालच्या सीलिंगला ओल अशाच असतात. सर्वांनी लक्षात घ्या, बाहेरच्या भिंती आणि कॉमन पाइपलाइनचं लीकेज सोसायटी बघते, फ्लॅटच्या आतल्या बाथरूमचं काम सभासदाला स्वखर्चाने करावं लागतं.

मंगेश, सी २०३: बरोबर काका. फक्त एक सांगतो, ग्राऊट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, खरं वॉटरप्रूफिंग टाइलच्या खाली, कोब्याच्या म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरात असतं. पण जॉइंट उघडे पडले की रोजचं आंघोळीचं पाणी खालच्या मालात मुरत राहतं, तो कधी सुकतच नाही, आणि कोब्यात कुठे एक चीर असली की पाणी तिथून वाट काढतं. म्हणून जॉइंट सांभाळायचे.

सावंत काकू, बी ३०२: मग करू काय बाबा? आमची बाई कमोडचं निळं लिक्विडच फरशीला घासते. आणि माझ्या भाचीने व्हिडिओ पाठवलाय, खायचा सोडा आणि व्हिनेगर

मंगेश, सी २०३: काकू ते निळं हार्पिक कमोडमध्ये ठीक आहे, चिनीमातीला काही होत नाही, पण तेही अ‍ॅसिडच, जॉइंटवर नको. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की दोघं एकमेकांना मारतात, फेस छान दिसतो आणि हातात उरतं जवळजवळ खारट पाणी. नुसता सोडा थोड्या पाण्यात कालवून लावला तर हलका मळ निघतो, व्हिनेगरचं कामच नाही.

काळेपणा जुना असेल तर कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजन ब्लीचची पावडर आणा, व्हॅनिशसारखी, डब्यावर सोडियम परकार्बोनेट लिहिलंय का ते बघून घ्या. गरम पाण्यात कालवा, लागेल तेवढीच, उरलेलं बाटलीत झाकण लावून अजिबात ठेवू नका, आत गॅस साठून बाटली फुगते. आधी जॉइंट साध्या पाण्याने ओले करा म्हणजे मळकं पाणी आत ओढलं जात नाही, मग हे ओता आणि वीसेक मिनिटं सुकू देऊ नका, मध्ये मध्ये परत ओलं करा. मग नायलॉनचा अरुंद कडक ब्रश. जुना टूथब्रश फार मऊ पडतो आणि तारेचा ब्रश तर नकोच, जॉइंट कोरला जातो आणि तारेचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. हातात ग्लोव्हज, खिडकी उघडी, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन वायपर. बुरशीचे काळे ठिपके एकदा धुऊन गेले नाहीत तर दुसऱ्यांदा करा, पण चिडून अ‍ॅसिड नका काढू.

रश्मी, बी ७०१: आणि डोमेक्स? आमच्याकडे बाई आधी हार्पिक मग डोमेक्स असं दोन्ही मारते, जास्त स्वच्छ होतं म्हणते

मंगेश, सी २०३: रश्मी आजच थांबव तिला, प्लीज. एक अ‍ॅसिड, दुसरं ब्लीच, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि आपली बाथरूमं केवढीशी, दार लावून घासत बसली तर श्वास कोंडेल. तिला समोर बसवून नीट समजावून सांग, बाटल्याही वेगवेगळ्या ठिकाणी ठेव.

रश्मी, बी ७०१: बापरे. आता सांगते तिला. अजून एक, किचन ओट्याच्या मागच्या टाइल्सचे जॉइंट हळदीने पिवळे झालेत, साबणाने घासले तर लालच झाले!!

मंगेश, सी २०३: हळद तशीच आहे, सोडा, साबण, चुना, असं काहीही लागलं की लाल होते, कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे की. घाबरू नकोस, डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. आधी भांड्याच्या लिक्विडने फोडणीचा तेलकटपणा काढ, कारण तेलाच्या थरावर पावडर काही करत नाही, मग तीच ऑक्सिजनवाली पावडर. उरलेली पिवळट झाक उन्हाने जाते, त्या भिंतीवर ऊन येत असेल तर चांगलंच.

जोशी काकू, ए २०२: आमच्याकडे काळे नाहीत पण पांढरे पांढरे थर येतात हो

मंगेश, सी २०३: काकू, घोडबंदरला आपल्याकडे टँकरचं पाणी असतं ना, त्यात बोअरचं आलं की क्षार जास्त, आणि साबण त्या क्षाराला धरून चिकट थर करतो. त्यावर एकच उपाय, शेवटच्या आंघोळीनंतर भिंतीला आणि फरशीला वायपर मारायचा आणि एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवायचा. पावसाळ्यात तर नक्कीच, दार उघडं ठेवलं तरी बाथरूम सुकत नाही आणि बुरशीला ओल मिळाली की झालं. फरशी पुसायचं पाणीही दोन खोल्यांनी बदलायला सांगा, तेच गढूळ पाणी जॉइंटमध्ये बसतं, वर कितीही फिनाईल टाका.

सावंत काकू, बी ३०२: अरे पण माझ्या जॉइंटला हात लावला तर पावडर येते. म्हणजे गेले का?

मंगेश, सी २०३: मग काकू घासू नका, ते भरायचं काम आहे. त्यात मिस्त्री लोक पातळ व्हाइट सिमेंट वरून ओतून फडक्याने पुसतात ते करून घेऊ नका, पाणी जास्त म्हणजे ताकद कमी, थोड्याच दिवसात पापुद्रे निघतात. जुना माल टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल खरवडून काढायला लावा, व्हॅक्युमने धूळ काढायची, पूर्ण सुकवायचं, मग इपॉक्सी ग्राऊट. ते पाणी पीत नाही, सीलर म्हणजे पाणी मुरू नये म्हणून जॉइंटवर मारायचा लेप, तोही लागत नाही, महाग पडतं पण मोरीसाठी मी तेच सांगेन. राळ आणि हार्डनर मिसळलं की लवकर घट्ट होतं, म्हणून माणूस सवयीचा हवा, टाइलवर सांडलेलं तेव्हाच पुसलं नाही तर नंतर निघता निघत नाही. आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात ग्राऊट नको, तिथे इमारतीची हालचाल होऊन चीर जाते, बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं. सिलिकॉन आतून काळं पडलं असेल तर घासून जात नाही, ब्लेडने कापून नवीन भरायचं, मग एक दिवस तिथे पाणी नाही.

ज्यांचे सिमेंटचे जॉइंट अजून धड आहेत त्यांनी साफ करून, नीट सुकवून, त्यावर सीलर मारून घ्या. आधीचं सीलर उरलंय का ते बघायचं तर सुक्या जॉइंटवर पाण्याचे दोन थेंब टाका, थेंब तसाच बसला तर आहे, काही मिनिटांत मुरून गडद डाग पडला तर संपलं.

मेघा, ए ६०४: मंगेश थँक्यू. मी त्या माणसाला नाही सांगून आले. ज्या दोघांकडे झालंय त्यांनी आता काय करायचं?

मंगेश, सी २०३: भरपूर पाण्याने परत परत धुवा, त्याआधी थोडं सोड्याचं पाणी ओतलं तर उरलेलं अ‍ॅसिड मरेल. ब्लीच मात्र आज चुकूनही नको. सुकल्यावर नख फिरवून बघा, वाळू येत नसेल तर सीलर मारा, येत असेल तर मला फोटो पाठवा.

कदम काका, सेक्रेटरी: गेटवर सांगून ठेवतो, अ‍ॅसिडवाल्यांना आत सोडायचं नाही.

सावंत काकू, बी ३०२: मंगेश रविवारी सकाळी येऊन एकदा बघून जाशील का? पोहे करते

मंगेश, सी २०३: येतो काकू, दहापर्यंत. फक्त शनिवारी रात्रीपासून ती मोरी वापरू नका, कोरडी असेल तरच किती खोल गेलंय ते कळेल.