‘फास्ट पिच’ म्हणजे ‘जलद खेळपट्टी’? मराठीत काय लिहावं?

धुऱ्यावरचा मास्तर:
नमस्कार मंडळी. दर्यापूरकडच्या एका गावात शिकवतो. आमच्या पोरींची सॉफ्टबॉलची टीम यंदा पहिल्यांदाच तालुक्याले खेळायले जाऊन राहिली. नियमांचा एक कागद मराठीत पाहिजे होता, तं एका सहकाऱ्यानं मोबाईलवर भाषांतर करून दिला. त्यात फास्ट पिचची ‘जलद खेळपट्टी’ झाली, स्लो पिचची ‘संथ खेळपट्टी’, आन् तीन स्ट्राइक झाले की बाद याचं ‘तीन संपांनंतर बाहेर’. कॅप्टन पोरगी मले विचारते, सर, आपल्या ग्राउंडवर तं मुरूम हाय, मंग आपली जलद की संथ? तिचं काई चुकलं नाई. क्रिकेट पाहून पाहून पिच म्हणजे जमीन हेच डोक्यात बसलेलं हाय.

इथं पिच म्हणजे चेंडू टाकणं. पिचर खालच्या हातानं टाकते, टप्पा न पाडता. मी ‘जलद फेक’ आन् ‘संथ फेक’ असं लिहिलं. तं स्टाफरूममध्ये म्हणे ‘फेक’ नको, पोरं ‘फेक न्यूज’मधलं फेक वाचतील. मंग काय लिहू? कागद शुक्रवारी भिंतीवर लावायचा हाय.

जुनी पाटी:
‘फेक’च लिहा. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक हे शब्द शाळेच्या मैदानावर रोज चालतात, तिथं कोणी खोटा गोळा समजत नाही. इंग्रजी शब्द आपल्या शब्दावर येऊन बसला म्हणून आपला शब्द सोडून द्यायचा हे मला पटत नाही. आणि पिचरला सरळ गोलंदाज म्हणा, नवा शब्द कशाला.

कापूसवेचणी:
गोलंदाज आपला कसा काय जी? गोलंदाज म्हणजे आधी तोफ डागणारा. त्यातला ‘अंदाज’ फारसी, अर्थ फेकणारा, तीरंदाजमधला तोच. त्याच साच्यावर मंग फलंदाज बनवला, म्हणजे अक्षरशः पाहिलं तं फळी फेकणारा! आन् चाललं की नाई? कोणाले खटकलं नाई. मंग पिचरच राहू द्या न, पिचर म्हटलं की पोरीले कोण ते कळते, गोलंदाज म्हटलं की ती धावत येऊन टप्पा टाकीन.

जुनी पाटी:
फारसी शब्द शेकडो वर्षं जिभेवर घासून मराठी झालाय, पिचरचं तसं नाही. दोन्ही एका तराजूत घालू नका. चेंडूफळी तर तुकोबांच्या गाथ्यात आहे, म्हणजे या खेळाच्या कुळाला आपल्याकडं नाव होतंच.

लेफ्ट फिल्ड:
मी अमरावतीत कॉलेजात असताना चार वर्षं खेळले, म्हणून बोलते. मैदानावर एकही मराठी शब्द नव्हता. पिचर, कॅचर, बेस, शॉर्टस्टॉप, बंट, सगळं तसंच. पण हात कसा फिरवायचा ते शिकवताना आमचे सर कधी विंडमिल म्हणाले नाहीत, ते म्हणायचे ‘गोफण फिरव’. आणि त्या एका शब्दात मला जे समजलं ते चित्र बघून समजलं नव्हतं. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, कमरेपाशी खाली येतो आणि तिथंच चेंडू सुटतो, गोफणीची एक दोरी सोडावी तसा.

मास्तर, एक सांगायचं राहील म्हणून सांगते, स्लो म्हणजे नुसतं हळू नाही. स्लो पिचमध्ये चेंडूला कमान घ्यावीच लागते, जमिनीपासून कमीत कमी ६ फूट वर, आणि वरची हद्द नियमावलीप्रमाणे १० किंवा १२ फूट. सपाट टाकला तर हळू असला तरी नियमात बसत नाही. म्हणून ‘संथ फेक’ अर्धवट आहे. ‘कमानी फेक’ लिहा.

धुऱ्यावरचा मास्तर:
हे मले सुचलंच नव्हतं. मंग फास्टले ‘गोफणफेक’ आन् स्लोले ‘कमानी फेक’? बाकी फरक कागदावर असे घेतले हायेत, पाहून घ्या. फास्टमध्ये ९ जणी, स्लोमध्ये १०, जास्तीची एक मागं फिल्डिंगले. डाव दोन्हीत ७. महिलांच्या फास्ट पिचमध्ये पिचर होमपासून (बॅटवाली उभी राहते तिथून) ४३ फुटांवर, स्लोमध्ये ५०. बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडूले नुसती हळूच टेकवणं, फास्टमध्ये चालते, स्लोमध्ये केला की बाद. चार बॉल वाईट पडले की बॅटवालीले पहिला बेस (पळून गाठायची पहिली जागा) फुकट. आता यातला ‘बॉल’ही चेंडू नाई, स्ट्राइक झोनच्या (बॅटवालीपुढच्या ठरलेल्या हद्दीच्या) बाहेर गेलेली आन् बॅट न फिरवलेली फेक. कागदात ‘चार चेंडूंनंतर पहिल्या तळावर’ असं आलं होतं.

पारावरचा:
‘स्टील’चं काय लिहिलं? फास्टमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटला की बेसवरची पोरगी पुढं पळू शकते. माझ्या पुतणीनं घरी येऊन सांगितलं, ‘आजी, मी आज दोन बेस चोरले’, तं आईनं तिले हातातलं काम टाकून जवळ घेतलं न् विचारलं, कोणाचे होते, परत देऊन ये. ‘चोरी’ लिहू नका. ‘बेस मारला’ लिहा, आपल्याकडं मारणं दोन्ही अर्थानं चालते.

जुनी पाटी:
‘मारला’ म्हणजे तर चोरीच झाली की.

कापूसवेचणी:
‘गोफणफेक’ कानाले गोड हाय, पण आजच्या पोरीनं गोफण पाहिली काय? आमच्या वावरात लहानपणी ज्वारी होती, माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायले गोफण लागे. आता सोयाबीन न् पऱ्हाटी, पाखरं कोण हाकलते. तिले गोफण समजावायले पिचर दाखवावा लागीन.

लेफ्ट फिल्ड:
मग दाखवा न! शब्द त्यासाठीच तर टिकतो. आणि ‘मृदुचेंडू’ वगैरे कोणी सुचवायच्या आधी सांगते, चेंडू मऊ नसतो, माझं बोट अजून वाकडं आहे. १८८७ साली शिकागोत पहिल्यांदा खेळले तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा बांधून चेंडू केला होता न् बॅट झाडूच्या दांड्याची. आपला चिंध्यांचा चेंडू वर सुतळी गुंडाळलेला, तसंच काहीतरी. मऊपणा तेव्हाचा. सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये सुचवलं गेलं, त्याआधी वेगवेगळी नावं होती.

जुनी पाटी:
चिंध्यांवरून आठवलं, ‘चेंडू’ संस्कृत ‘कंदुक’वरून आला असं आमचे आजोबा सांगायचे.

पारावरचा:
मले नाई वाटत. कन्नडात ‘चेंडु’च म्हणतात, तेलुगूतही तसंच. कंदुकातला ‘क’ कुठं गेला ते तं सांगा.

जुनी पाटी:
‘क’चा ‘च’ होतो की. आणि कन्नडानं आपल्याकडून घेतला नसेल कशावरून?

पारावरचा:
अन् आपण त्यांच्याकडून घेतला नसेल कशावरून?

धुऱ्यावरचा मास्तर:
मंडळी, शुक्रवार जवळ आला. ‘स्ट्राइक’ तसाच ठेवू की ‘चूक’ लिहू? बॅट फिरवली न् लागली नाई तं ती चूक म्हणता येते, पण चांगला आलेला चेंडू नुसता सोडून दिला तरी स्ट्राइकच, तिथं चूक म्हणवत नाई.

कापूसवेचणी:
स्ट्राइक ठेवा जी. बरं, गोफणीत गोटा ठेवायचा जो मधला विणलेला भाग असते, त्याले तुमच्याकडं काय म्हणतात? आमच्या घरी त्याले एक शब्द होता, आज सकाळपासून आठवून राहिले, येतच नाई.

पारावरचा:
थांबा, बाबाले विचारतो. ते वावरातून आले की लिहितो.