मदत हवी आहे: आतड्यातलं 'अ' जीवनसत्त्व वाहणारं प्रथिन

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला बायोकेमिस्ट्री शिकवते. खोबरं घातलेल्या तांबड्या भाजीतलं बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं) रक्तात कसं पोचतं, हे सांगताना सीआरबीपी-२ वर, म्हणजे आतड्याच्या पेशीत 'अ' जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या प्रथिनावर अडले.

१३४ अमिनो आम्लांचं हे प्रथिन. दहा बीटा-पट्ट्यांचं (प्रथिनसाखळीच्या सपाट पट्ट्यांचं) पिंप, तोंडावर दोन हेलिक्सचं (मळसूत्री वळणांचं) झाकण, आतल्या पोकळीत रेटिनॉल किंवा रेटिनाल, ही 'अ' जीवनसत्त्वाचीच दोन रूपं. पुढे एलरॅट नावाचं एन्झाइम रेटिनॉलला मेदाम्ल जोडून त्याचं एस्टर करतं आणि ते कायलोमायक्रॉनमधून (आतड्यातून मेद वाहून नेणाऱ्या कणांतून) लसिकेत (लिम्फमध्ये) जातं. इथवर मुलांना पटतं.

पण याच पोकळीत मोनोॲसिलग्लिसरॉलही (मेदाच्या पचनातून तयार होणारे रेणू) बसतात आणि हे प्रथिन नसलेले उंदीर लठ्ठ होतात! या दोन गोष्टींची सांगड कशी घालावी? कुणी मराठीतून नीट समजावेल का? पोकळीची एखादी आकृती मिळाली तर फार बरं. येत्या सोमवारी तास आहे.