मदत हवी आहे : फुटबॉलच्या कॅसेटची डीव्हीडी केली, पळणारे खेळाडू थरथरतात

मंडळी, जरा मार्ग दाखवा.

आमच्या पेठेतल्या टीमची सेमीफायनल, फायनल आणि नंतरची गुलालाची मिरवणूक असं तीन तासांचं शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर आहे. मॅच कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या. फायरवायरनं (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची केबल) एव्हीआय व्हिडिओ फाइल उतरवून घेतल्यात. तासाला १३ जीबी, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. तालमीतल्या वयस्कर मंडळींना डीव्हीडीच पाहिजे. पेनड्राइव्ह सुचवू नका, त्यांच्या डबा टीव्हीला तो लावायला जागाच नाही.

तिन्ही तास एका डिस्कवर बसवले, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ऑटो. कॅमेरा बॉलमागं फिरला की गॅलरीतल्या गर्दीचे चौकोन होतात. आणि टीव्हीवर पळणारा गडी पुढं-मागं थरथरतो, उभा राहिला की एकदम स्वच्छ! मित्र म्हणतो, आधी १०८० ची एमपी४ कर, मग डीव्हीडी. करू का?

प्रतिसाद १
एमपी४ अजिबात नको. डीव्हीडीत शेवटी एमपेग-२ फॉरमॅट आणि ७२० बाय ५७६ च जाणार. मध्ये आणखी एकदा दाबून फक्त खराबी वाढेल. एव्हीआयवरून थेट करा.

थरथर फील्डच्या क्रमाची दिसते. प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते. डीव्ही कॅमेऱ्याचं चित्र बॉटम फील्ड फर्स्ट (खालचं फील्ड आधी) असतं, तुमच्या सेटिंगमध्ये टॉप असणार. ते बदला. डीइंटरलेस (दोन फील्डचं एक अखंड चित्र) करू नका. कॉम्प्युटरवर रेघा दिसल्या तरी डबा टीव्हीवर त्या दिसत नाहीत, उलट सेकंदाच्या ५० फील्डमुळं पळणं सलग दिसतं.

चौकोनांचं कारण जागा. ४.७ जीबीत तीन तास म्हणजे आवाजासकट सरासरी साडेतीन एमबीपीएससुद्धा (सेकंदाला मेगाबिट) मिळत नाही. भाषणाला चालेल, फुटबॉलला नाही. दोन डिस्क करा, दीड-दीड तासाच्या. व्हिडिओ सरासरी ६२००, कमाल ८५०० केबीपीएस, टू-पास व्हीबीआर (आधी सगळं तपासून मग गरजेप्रमाणे बिटरेट कमी-जास्त करायची पद्धत). आवाज एसी३ फॉरमॅटमध्ये, २५६ केबीपीएस. मिरवणुकीत कात्री चालवलीत तर अजून बरं, पण पेठेत तुम्हाला राहायचं आहे!

धागाकर्ता
नाद खुळा! बॉटम केलं, थरथर गेली. साडेआठ जीबीची ड्युअल लेयर (दोन थरांची) डिस्क घेतली तर एकाच डिस्कवर बसेल ना?

प्रतिसाद २
बिटरेट जरासा कमी केला तर बसेल, पण बरेच जुने प्लेयर घरी राइट केलेली ड्युअल लेयर नीट वाचत नाहीत. साधी डीव्हीडी-आर घ्या. बऱ्याच मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर लावलेला असायचा. डीव्हीडीला ४८ लागतो, तेवढं बघून घ्या. आणि सगळ्या डिस्क काढण्याआधी फायनलचा पाच मिनिटांचा तुकडा पुसून परत लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर घालून त्यांच्याच टीव्हीवर लावून बघा. मूळ एव्हीआय मात्र पुसू नका.